रणभूमी जपायची म्हणजे काय जपायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण सुट्टी मिळाली की जुन्या लढायांच्या जागा पायी फिरतो. गावात पोचल्यावर आधी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना रामराम, मग शिवाराकडे. या फिरण्यात शेतकरी, शिक्षक, सरपंच, ट्रेकर मुलं भेटतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो. रणभूमीवर नुसती शेतं दिसतात. तिथे जपायचं तरी काय?

जमीन जपायची. तिचा चढ-उतार, ओढे, खिंडी, जुन्या वाटा, गावठाणं, आणि जमिनीच्या पोटात जे जिथे पडलं आहे ते तिथेच.

असई घ्या. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या भागात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या उत्तर काठाला होत्या. दक्षिणेकडून इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली आला. नदी पायी पार करता येईल असा उतार जवळपास नाही, असं त्याला वाटाड्यांनी सांगितलं. त्याने स्वतः पुढे जाऊन पाहिलं, तर अलीकडच्या काठावर पिंपळगाव आणि पलीकडच्या काठावर वरूड, अगदी समोरासमोर. दोन गावं अशी वसली आहेत म्हणजे त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं असणार, म्हणजे उतार असणारच, असा हिशेब त्याने केला. उतार निघाला. फौज पार झाली आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन याला आपली दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली फळी पूर्वेकडे वळवावी लागली. दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात लढाई झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज फळी पुढे सरकल्यावर उठून त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. त्या एका दुपारी इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली.

हे सगळं वाचून अर्धंच कळतं. काठावर उभं राहून दोन्ही गावांकडे पाहिलं की वेलस्लीचा हिशेब दोन मिनिटांत उमगतो. पट्टा किती अरुंद आहे ते चालून पाहिलं की पोलमनची अडचणही उमगते. उद्या वाळू उपसून काठ खचले, मधल्या उंचवट्याचा मुरूम ट्रकने गेला किंवा तिथे खडी क्रशर बसला, तर गाव राहील, नाव राहील, पण ती लढाई त्या जमिनीवर वाचता येणार नाही. रणभूमी हा कागद आहे आणि लढाई त्यावरचा मजकूर. कागद फाडून मजकूर जपता येत नाही.

महाराष्ट्रात अशा जागा कोणकोणत्या?

पुष्कळ आहेत. खोपोलीजवळची उंबरखिंड (१६६१), घोडखिंड म्हणजे आपली पावनखिंड (१६६०), साल्हेरच्या पायथ्याचं मैदान (१६७२), गडहिंग्लज तालुक्यातली नेसरीची खिंड (१६७४), वैजापूरजवळचं पालखेड (१७२८), उदगीर (१७६०), गोदाकाठचं राक्षसभुवन (१७६३), वडगाव मावळ (१७७९), जामखेड तालुक्यातलं खर्डा (१७९५), मग १८०३ ची असई, अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि मेळघाटातला गाविलगड, १८१७ ची खडकी, १८१८ चं कोरेगाव भीमा. गोव्यात मांडवीच्या खाडीतलं जुवे बेट आहे, तिथे १६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज पोर्तुगीजांशी लढली. महाराष्ट्राबाहेर मराठी माणसाच्या मनात कायमची रुतलेली जागा म्हणजे पानिपत.

ही यादी पूर्ण नाही. तुमच्या तालुक्याची जागा यात नसेल तर ती कमी महत्त्वाची आहे असं समजू नका.

पालखेडबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. नाव काढलं की अनेकांना नाशिक जिल्ह्यातलं पालखेड धरण आठवतं. ती जागा वेगळी. आणि पालखेडला तलवारीला तलवार भिडून मोठी लढाई झालीच नाही. पहिल्या बाजीरावाने निजामाला दमवत, फिरवत, रसद तोडत अशा जागी आणून सोडलं की त्याला पाणी आणि दाणागोटा मिळेना. मग ६ मार्च १७२८ चा मुंगी-शेवगावचा तह झाला. अशा लढाईची भूमी एका शेतात मावत नाही. ती काही तालुक्यांत पसरलेली आहे. तिला कुंपण घालता येणार नाही, पण जुन्या वाटा, मुक्काम आणि पाणवठे नोंदवून ठेवता येतील. तेवढं केलं तरी खूप आहे.

आपले किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. मग रणभूमींचंही संरक्षण झालंच ना?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाची नोंद जागतिक वारसा यादीत केली. त्यात महाराष्ट्रातले साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे ११ आणि तामिळनाडूतला जिंजी, असे १२ किल्ले आहेत. आनंद सगळ्यांनाच झाला. आम्हाला त्यातला ‘भूप्रदेश’ हा शब्द सगळ्यात जास्त आवडला. डोंगर, जंगल, खाडी आणि किल्ला मिळून एक लढाऊ रचना होते, हे त्यातून मान्य झालं.

पण नोंद किल्ल्यांची आहे. साल्हेरचंच पाहा. १६७२ ची लढाई मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांशी उघड्या मैदानात लढली. सूर्याजी काकडे त्यात पडले. मराठे फक्त गनिमी काव्याने लढत, या समजाला तिथे उत्तर मिळालं. लोक सोळाशे मीटरच्या आसपास उंचीचा गड चढतात, परशुरामाच्या पादुकांचं दर्शन घेतात आणि उतरतात. खालच्या मैदानाकडे कुणाची मान वळत नाही.

लढाई नेमकी कुठे झाली हे कसं ठरवतात? आमच्याकडे दोन गावं भांडतात.

भांडणं सगळीकडे आहेत. इंग्लंडमधल्या बॉस्वर्थची लढाई १४८५ ची. ॲम्बियन हिल नावाच्या टेकडीवर ती झाली असं धरून तिथे पर्यटक केंद्रही उभं राहिलं. पुढे पद्धतशीर शोध घेतला, तेव्हा २००९ मध्ये खरी जागा सुमारे तीन किलोमीटर लांब निघाली. तिथल्या शेतांत तोफेचे तीसहून जास्त शिशाचे गोळे सापडले आणि राजा रिचर्डचं चिन्ह असलेला रानडुकराचा छोटा चांदीचा बिल्ला सापडला. इतकी वर्षं लोक चुकीच्या टेकडीवर फुलं वाहत होते.

आपल्याकडे पहिलं साधन म्हणजे कागद. समकालीन पत्रं, बखरी, इंग्रजांचे अहवाल आणि नकाशे. बखर लढाईनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली असू शकते, त्यामुळे ती पत्राइतकी भरवशाची धरू नका. दुसरं साधन शिवार. सातबारा आणि जुन्या गावनकाशांवरची शेतांची नावं, लोकांच्या तोंडची नावं, ओढ्यांची नावं विचारा. ‘तळाचा माळ’, ‘तोफेचं टेक’ अशी नावं ऐकली की कान टवकारा. पण लगेच विश्वास ठेवू नका, काही नावं शाळेतल्या पुस्तकातून परत गावात आलेली असतात. तिसरं म्हणजे जमिनीतल्या वस्तू, आणि ते काम जाणकारांचं.

पावनखिंडीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बाजीप्रभू आणि बांदल मावळे नेमके कोणत्या वळणावर उभे राहिले यावर वाद घालावा, पुरावे मांडावेत. पण निकाल लागेपर्यंत दोन्ही जागा सांभाळा.

नांगरताना शेतात शिशाची गोळी सापडली. काय करू?

पहिली विनंती, ती घासू नका.

एका शेतकरीदादांनी आम्हाला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून सात गोळ्या काढून दाखवल्या. सहा पांढुरक्या, खडू लावल्यासारख्या. सातवी त्यांच्या मुलाने चिंच आणि राखेने घासून लख्ख केली होती. तो पांढरा थर म्हणजे शिसं जमिनीत दीर्घकाळ राहिल्याची खूण, आणि तोच थर आतल्या धातूला सांभाळतो. घासलेली गोळी सुंदर दिसत होती, पण तिच्या अंगावरच्या बारीक खुणा गेल्या होत्या.

त्या खुणांतच सगळं असतं. इंग्रज पायदळाच्या बंदुकीची गोळी साधारण १७-१८ मिलिमीटरची, तीस ग्रॅमच्या आसपास वजनाची, म्हणजे मोठ्या बोराएवढी. ती गोल असेल आणि साच्याची बारीक रेघ दिसत असेल, तर ती बहुधा उडालेलीच नाही. कुणाच्या तरी थरथरत्या हातातून भरताना पडली. एका बाजूने चपटी झाली असेल, तर ती कशावर तरी आदळली आहे. अशा पन्नास गोळ्या कुठे सापडल्या ते नकाशावर मांडलं, की फळी कुठे उभी होती आणि मारा कुठे झाला हे दिसू लागतं. म्हणून गोळीपेक्षा तिची जागा मोलाची. डब्यातल्या त्या सात गोळ्या कोणत्या बांधाजवळ मिळाल्या ते दादांना आता आठवत नव्हतं. फार हळहळ वाटली.

तेव्हा सापडल्या जागेवरच मोबाईलवर फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, ठिकाणाची नोंद करा, तारीख लिहा. कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर गट नंबर टाका. मग तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना सूचना द्यावी लागते. १८७८ ची रक्कम आहे ती. पण कायदा आजही लागू आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची विक्री आणि परदेशी रवानगी यांवर १९७२ च्या पुरावशेष कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे दारात आलेल्या भंगारवाल्याला किंवा शौकीन खरेदीदाराला काही देऊ नका.

लोखंडी गोळा सापडला आणि तो पोकळ वाटला, तर हलवू नका. ठोकू नका, चुलीजवळ नेऊ नका. आत दारू असू शकते. आधी पोलिसांना बोलवा.

मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो. आम्ही मुलं मिळून शोध घेऊ का?

नको. तुमची तळमळ खरी आहे हे माहीत आहे, तरीही नको. संरक्षित जागेवर परवानगीशिवाय उकरणं हा गुन्हा आहे, आणि असंरक्षित जागेवर वस्तू उचलली की तिचा पत्ता हरवतो.

हेच यंत्र शिस्तीत वापरलं तर काय होतं ते अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नला दिसलं. १८७६ ची ती लढाई. १९८३ मध्ये वणव्याने गवत जळालं, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांची रांग लावून जमीन तपासली. प्रत्येक काडतूस जिथे सापडलं तिथे खूण, मोजमाप, नोंद. काडतुसावरच्या बंदुकीच्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानावर कुठून कुठे गेली हे काढता आलं. स्वयंसेवक तिथेही सामान्य लोकच होते. तुमच्या जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला तुमच्या भागात पाहणी करण्याची विनंती करा आणि रांगेत उभं राहायला जा.

गावात वीरगळ आहे. लोक शेंदूर लावतात, कुणी ऑइलपेंट दिला. चूक की बरोबर?

वीरगळ म्हणजे आपल्या मातीतलं सगळ्यात जुनं युद्धस्मारक. दगडावर खालून वर वाचायचं. सगळ्यात खाली वीर लढतो किंवा पडलेला असतो. कधी मागे गाई दिसतात, म्हणजे गोधन सोडवताना तो मेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्याला कळस, दोन्हीकडे चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. शेजारी काटकोनात वर उचललेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. बोरिवलीजवळच्या एक्सरला शिलाहार काळातले सहा वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर वल्हवलेल्या जहाजांची लढाई कोरली आहे. मुंबईच्या गर्दीत कोकणातल्या आरमारी युद्धाचं चित्र उभं आहे, हे मुंबईकरांना माहीत असायला हवं.

आता प्रश्नाचं उत्तर. कुंकवाचं बोट लावणाऱ्या आजीला कधीही अडवू नका. तिच्या घराण्याने पूजा केली म्हणून तो दगड शिल्लक आहे. पण ऑइलपेंट नको, सिमेंटने जमिनीत पक्का बसवणं नको, वायर ब्रशने घासणं नको, ॲसिड तर नकोच. शेंदराचा जाड थर स्वतः खरवडू नका, खाली कोरीव काम निघेल या आशेने नाकडोळे निघून येतात. धुणं धुवायला, पायरीला किंवा गटारावर टाकलेला वीरगळ दिसला तर ग्रामपंचायतीच्या संमतीने उचलून मंदिराच्या ओसरीला, छपराखाली उभा करा. उचलण्याआधी तो कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून होता ते लिहून ठेवा. मूळ जागी शाबूत उभा असेल तर हलवू नका.

कायद्याने रणभूमीला संरक्षण मिळतं का?

रणभूमी असा वेगळा शब्द आपल्या कायद्यात नाही. इंग्लंडमध्ये १९९५ पासून ऐतिहासिक रणभूमींची स्वतंत्र नोंदवही आहे, आणि तिथे बांधकामाला परवानगी देताना त्या नोंदीचा विचार करावा लागतो. आपल्याकडे केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम आहे. केंद्राच्या कायद्यात ज्या क्षेत्रात निदान शंभर वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक अवशेष आहेत, किंवा ते असल्याचं मानायला सबळ कारण आहे, असं क्षेत्र ‘पुरातत्त्वीय स्थळ’ ठरू शकतं. आमच्या मते आपला दरवाजा तोच आहे. नुसता चौथरा दाखवून अर्ज करण्यापेक्षा ‘या क्षेत्रात अवशेष आहेत’ असा पुराव्यासह अर्ज करावा.

केंद्र संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने आली.

मग आमची जमीन जाणार?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. संरक्षित घोषित झालं म्हणजे मालकी आपोआप सरकारकडे जाते असं नाही. आधी प्राथमिक अधिसूचना निघते आणि हरकती मांडायला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत तुमचं म्हणणं लेखी द्या.

आणि शेती ही रणभूमीची शत्रू नाही. ज्वारी-कपाशीच्या शेतामुळेच असईसारखी मैदानं आजवर उघडी राहिली. सपाटीकरण, शेततळ्याचं खोदकाम, मुरूम उपसा, एनए प्लॉटिंग यांनी घात होतो. साधी नांगरट दोनशे वर्षं चालत आली आहे. शेतकऱ्याला बाजूला सारून जपणूक करू पाहणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

वर्गणी जमली आहे. भव्य पुतळा, कमान आणि तोफांच्या प्रतिकृती बसवायच्या आहेत. सल्ला द्या.

पैसे जमवणं सोपं नसतं, म्हणून कौतुक आधी. आता कळकळीची विनंती: बांधायचं ते रणभूमीच्या कडेला बांधा, मधोमध नको. कमान गावाच्या वेशीवर येऊ द्या. पायाच्या खोदाईला जेसीबी लावण्यापूर्वी जाणकाराला बोलवा, कारण पुरावा जमिनीच्या वरच्या हातभर थरातच असतो.

पुतळ्याइतकाच खर्च एका चांगल्या फलकावर करा. साधा, मराठीत, उन्हात न उडणाऱ्या अक्षरांचा. ‘तुम्ही उभे आहात ती जागा’, ‘समोरची टेकडी’, ‘शत्रू या ओढ्यातून आला’, असं बोट धरून दाखवणारा. तारीख तपासून घ्या, कारण जुन्या आणि नव्या कालगणनेमुळे दिवस सरकतात आणि चुकीची तारीख ग्रॅनाइटवर कोरली की कुणी बदलत नाही.

आमची रणभूमी शहराने कधीच गिळली. आता उशीर झाला ना?

खडकीचं उदाहरण देतो. ५ नोव्हेंबर १८१७. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता, बापू गोखल्यांचं घोडदळ गणेशखिंडीच्या बाजूने इंग्रजांवर चालून गेलं. इंग्रज फळीपुढे दलदल होती. ती वेळेवर दिसली नाही, भरधाव घोडी तिच्यात फसली आणि हल्ल्याचा जोर तिथेच मोडला. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात एका चिखलाच्या पट्ट्याने केली, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. आज त्या भागात विद्यापीठ आहे, लष्करी वसाहत आहे, सिग्नल आहेत. दलदल दिसत नाही.

पण पर्वती आहे, चतुःशृंगीची टेकडी आहे, नदी आहे. पर्वतीवर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की अंतराचा अंदाज येतो. शहरातल्या रणभूमीवर एवढंच उरतं: टेकड्यांची रेघ आणि मधली नजर. टेकड्या वाचवण्यासाठी जे पुणेकर भांडतात ते नकळत खडकीची रणभूमीही वाचवत आहेत. अशा ठिकाणी जुना नकाशा नव्यावर ठेवून पायी फेरी आखता येते. शाळेतली मुलं या फेरीत सगळ्यात जास्त रमतात, हा आमचा अनुभव.

हरलेल्या लढायांच्या जागा कशाला जपायच्या?

‘पानिपत झालं’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत रोज वापरला जातो, तिथे हा प्रश्न पडू नये. १४ जानेवारी १७६१, आज बहुतेक वर्षी संक्रांत येते तीच तारीख. अजूनही ‘संक्रांत आली’ म्हणताना आपला आवाज बदलतो. पानिपतजवळ काला आंब इथे विटांचा स्तंभ आहे. तिथे आंब्याचं झाड होतं आणि त्याखालच्या रक्ताने ते काळं पडलं, अशी समजूत नावामागे आहे. हरियाणातले रोड समाजाचे लोक स्वतःला त्या लढाईतून उरलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि दर वर्षी १४ जानेवारीला तिथे जमतात. त्यांच्या शेजारी उभं राहून हात जोडताना, भाषा वेगळी असूनही, घरच्या माणसाच्या तेराव्याला आल्यासारखं वाटतं.

फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायका-मुलं होती, बाजारबुणगे होते. त्यांनी ना तलवार धरली ना त्यांचा चौथरा झाला. रणभूमी जपायची ती त्यांच्यासाठीही.

शत्रूच्या कबरी, इंग्रजांचे स्तंभ यांचं काय?

जपायचे. वडगाव मावळच्या मोहिमेत जानेवारी १७७९ मध्ये कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. त्याच्या धाडसावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं आणि वडगावला त्याची समाधी लोक आजही दाखवतात. शत्रूला फाकडा म्हणण्याइतकं मोठं मन आपल्या पूर्वजांकडे होतं.

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या आपल्या सैनिकांसाठी उभारला. त्यावरच्या नावांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची २२ नावं आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि आज दर वर्षी लाखो लोक येतात. साध्या शिपायाचं नाव दगडावर कोरलेलं असणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. लढाईच्या अर्थावरून माणसांची मतं वेगळी असतील, पण स्तंभाला आणि तिथे येणाऱ्यांना कुणी धक्का लावू नये, याबद्दल आम्हाला शंका नाही.

पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. आमच्यामुळे नुकसान होतं का?

चालण्याने नाही, गर्दीच्या सवयींनी होतं. जुलैत मसाईच्या पठारावरून धुक्यातून चालताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण खिंडीत प्लास्टिकचे रेनकोट, ग्लुकोजच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या ओढ्याला लागलेल्या पाहिल्या की मान खाली जाते. गट लहान ठेवा, जेवण वाटेवरच्या वाडीत सांगा म्हणजे चार पैसे तिथे राहतील, खडकावर नावं रंगवू नका, स्पीकर नेऊ नका. शांत खिंडीत पाण्याचा आवाज किती मोठा असतो ते एकदा ऐका, मग हाकेच्या अंतरावरचं माणूस का ऐकू येत नाही ते कळेल.

मी परदेशात असतो. माझा काय उपयोग?

लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि नॅशनल आर्मी म्युझियम, साउदॅम्प्टन विद्यापीठातले वेलस्लीचे कागद, इथे आपल्या लढायांची पत्रं, नकाशे, चित्रं आहेत. तिथे राहत असाल तर वाचनालयाचं कार्ड काढा आणि एका लढाईचा पिच्छा पुरवा. भारतात असाल तर मोडी शिका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत आणि मोडी वाचणारे हात कमी आहेत. तुमच्या घरच्या माळ्यावरची जुनी कागदांची पिशवीही आधी कुणा जाणकाराला दाखवा, मगच तिचं काय करायचं ते ठरवा.

पहिल्यांदाच रणभूमी पाहायची आहे. कुठून सुरुवात करू?

घरापासून जवळ असेल तिथून. निवड तुमच्या हातात असेल तर असईला या, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस ओसरलेला असतो, नद्यांना पाणी असतं, लढाईच्या दिवसासारखंच. गाडी गावात लावा, कुणाला तरी विचारून बांधाने चाला, उभ्या पिकात शिरू नका. केळणेच्या काठावर पिंपळगाव आणि वरूड दोन्ही दिसतील अशी जागा शोधा. कपाशीत काम करणाऱ्या बाया विचारतील, काय पाहता? त्यांना उताराची गोष्ट सांगा. बहुतेक वेळा त्या हात करून दाखवतात, आमची माणसं कुठून पलीकडे जातात ते.